अकरा सायकलींची सुनावणी

साहेबांनी सात नंबरच्या सायकलचं मागचं चाक जोरात फिरवलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि चाक थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहिले. चाक थांबलं. मग त्यांनी श्वास सोडला.

"एक मिनिट अकरा सेकंद," ते म्हणाले. "शारीरिक क्षमता समाधानकारक. पंचविसापैकी अठरा."

"तिला काही बोलायचंय का विचारा," त्यांची बायको कोऱ्या चेहऱ्याने म्हणाली.

साहेबांनी खरोखर विचारलं. सात नंबरला काही म्हणणं मांडायचं असेल तर ही शेवटची संधी आहे, असं त्यांनी सायकलच्या हँडलकडे बघत सांगितलं, अर्धं मिनिट वाट पाहिली आणि तक्त्यात लिहिलं : 'संधी देऊनही म्हणणे मांडले नाही.'

यात वेडेपणा काही नव्हता. सवय होती. साहेब एका पंख्यांच्या कारखान्यात आस्थापना अधिकारी होते. म्हणजे पंखे सोडून बाकी सगळ्याशी त्यांचा संबंध होता : कोण किती वाजता आला, कुणाची किती रजा उरली, कुणाचा बाप वारला आणि दोन वर्षांनी पुन्हा कसा वारला. लग्नानंतर बायको त्यांना चारचौघींसारखी 'अहो' म्हणायची. बढती झाल्यावर ती चेष्टेने 'साहेब' म्हणू लागली, आणि ती चेष्टा आहे हे त्यांच्या लक्षात न आल्यामुळे ते नाव टिकलं. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली तरी इमारतीत, दुकानात, दवाखान्यात ते साहेबच होते.

इमारतीच्या तळघरात, जिन्याखालच्या कोपऱ्यात, त्यांच्या अकरा सायकली भिंतीला टेकून उभ्या असत. इमारतीच्या समितीने परवा नोटीस लावली होती : एका बिऱ्हाडाला फार तर तीन सायकली, बाकीच्या रविवारपर्यंत हलवा. आज रविवार होता. आठ सायकलींना निरोप द्यायचा होता, आणि निरोप कसा द्यावा याचं साहेबांना रीतसर शिक्षण होतं.

तक्ता त्यांनी रात्रीच आखून ठेवला होता. सेवाज्येष्ठता, शारीरिक क्षमता, वर्तणूक, उपयुक्तता. प्रत्येकाला पंचवीस गुण. हाच तक्ता एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी कारखान्यातल्या माणसांसाठी आखला होता, तेव्हा चाळीस जणांना कमी करायचं होतं. त्या तक्त्यात अन्याय व्हायला जागाच नव्हती. अन्याय मावेल एवढा रुंद रकानाच त्यांनी ठेवला नव्हता.

"चार नंबरला वर्तणुकीत नऊच?" बायकोने तक्त्यात डोकावून विचारलं.

"चेन पडते. बेशिस्त."

"बेशिस्त नाही हो, म्हातारी आहे. माझेही गुडघे पडतात. मला किती देणार?"

साहेबांनी प्रश्न नोंदवला नाही. सायकलींच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनीच तिला प्रतिनिधी नेमलं होतं, आणि प्रतिनिधीने टोमणे मारायचे असतात हे त्यांना नोकरीमुळे माहीत होतं.

खरं तर या सायकली साहेबांच्या नव्हत्याच. अकराही सायकली यादीतल्या अकरा माणसांच्या होत्या.

ती गोष्ट साहेब फारशी कुणाला सांगत नसत, पण मनात रोज एकदा तरी नीट लावून ठेवत. यादी शुक्रवारी दुपारी लागली होती. पुढच्या गेटवर गर्दी नको, आणि अशा दिवशी कुणाला एकट्याने घरी जावं लागू नये, म्हणून साहेबांनी मागच्या गेटला दोन बस उभ्या केल्या. कंपनीने एकच मंजूर केली होती. दुसरीसाठी साहेब मॅनेजरशी भांडले. त्यांच्या नोकरीतलं हे एकमेव भांडण, आणि ते जिंकले. सोमवारी सकाळी ते कामावर आले तर सायकल-स्टँडमध्ये अकरा सायकली ओळीने उभ्या. कुलूप घातलेल्या. मंगळवारी तशाच. पुढच्या सोमवारी तशाच, फक्त सीटवर धूळ. तेव्हा साहेबांच्या ध्यानात आलं की हा निषेध आहे. घोषणा नाही, दगड नाही. माणसं घरी गेली होती आणि आपली सायकल मागे ठेवून सांगत होती की आम्ही अजून इथलेच आहोत. साहेबांना गलबलून आलं होतं. त्यांनी महिन्याच्या अहवालात एक ओळ लिहिली : 'मूक निषेध चालू. शिस्तबद्ध.'

वर्षभरात कारखानाच बंद झाला. शेवटच्या यादीत एकच नाव होतं आणि ते साहेबांनी स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिलं. जागा घेणारा माणूस स्टँडसकट सायकली भंगारात काढणार होता. साहेबांनी कुलपं कापली, ट्रक सांगितला आणि अकराही सायकली घरी आणल्या. आज ना उद्या कुणी येईल, मागेल. कुणी आलं नाही. साहेब दर रविवारी त्यांना तेल घालत, हवा भरत, फडकं मारत. पुढे एका वर्तमानपत्राने त्यांचा सायकलींसोबत फोटो छापला, वर मथळा दिला, 'सायकलवेडे साहेब'. खुलासा करायचा त्यांचा विचार होता, पण फोटो बरा आला होता. मग लोक 'तुमचा संग्रह' म्हणू लागले, आणि एक दिवस साहेबांच्याही तोंडून 'माझा संग्रह' असं निघून गेलं. शब्द तोंडात बसला की बुडाखाली बसलेल्या खुर्चीसारखा असतो. उठावंसं वाटत नाही.

या अकरांतली नऊ नंबरची सायकल साहेबांच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती.

धाकटा त्याच कारखान्यात वाइंडिंग खात्यात होता, पंख्याच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळायचा. यादीच्या तक्त्यात त्याला चांगले गुण होते. तो आरामात आत बसत होता. पण साहेबांनी विचार केला की अधिकाऱ्याचा भाऊ राहिला तर चाळीस जण म्हणतील, बघा, घरचा राखला. म्हणून त्यांनी त्याचे तीन गुण कापले. भावालाच काढलं म्हटल्यावर उरलेल्या एकोणचाळीस जणांना जरा बरं वाटेल, अशी त्यांची समजूत होती. तसं कुणाला वाटल्याचं दिसलं नाही. धाकट्याने पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते असं नाही. बोलत. पण दोन कार्यालयांनी एकमेकांना पत्र पाठवावं तसं, कामापुरतं आणि शक्यतो वहिनीमार्फत.

आज टेम्पो घेऊन धाकट्यालाच बोलावलं होतं, आणि ते साहेबांच्या बायकोचं कारस्थान होतं. जुन्या सायकली तो घेतो, मग परक्याला कशाला, असं ती वरवर म्हणाली. आतून तिचा डाव साधा होता. नऊ नंबर राखलेल्या तिनांत असेल, धाकटा ती बघेल, आणि एकवीस वर्षांनी दोन भाऊ निदान एका सायकलीच्या दोन बाजूंना उभे राहून बोलतील. तिला दुसरं काही नको होतं. बाकीच्या दहा सायकली नदीत टाकल्या असत्या तरी तिने पदर खोचून मदत केली असती.

साहेब नऊ नंबरपाशी आले. चाक फिरवलं, वेळ लिहिली, ब्रेक दाबले, मडगार्डवरून बोट फिरवलं. सगळं उत्तम. मग त्यांनी घंटीवर अंगठा दाबला. घंटी आतल्या आत खरखरली आणि गप्प झाली.

"घंटी असून वाजवत नाही," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "वरिष्ठांशी संवाद कमी. अर्धा गुण वजा."

"अहो, वाजवणारा कोण बसलाय तिच्यावर?"

साहेबांनी बेरीज केली. दोनदा केली. दोन, पाच आणि दहा नंबर राखलेल्यांत आल्या. नऊ नंबर चौथी आली, अर्ध्या गुणाने.

बायकोने तक्ता त्यांच्या हातातून घेतला, बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. साहेबांची बेरीज कधीच चुकत नसे, तेच तर दुखणं होतं.

"अर्धा गुण द्या तिला," ती म्हणाली.

"मग सगळे म्हणतील, भावाची म्हणून दिला."

"कोण सगळे? इथं मी आहे आणि एक मांजर आहे."

मांजर खरंच होतं. पाण्याच्या पंपावर बसून ते सुनावणी ऐकत होतं. साहेबांनी तक्ता परत घेतला आणि खाली सही केली. बायकोने स्टूल ओढलं आणि त्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. प्रतिनिधीने राजीनामा दिला, एवढं साहेबांना समजलं.

धाकटा आला तेव्हा अकरा वाजत होते. टेम्पो त्याने उतारावरून उलटा आत घेतला, एका दमात, कुठे न घासता. उतरून हात पुसले. साठी ओलांडलेला माणूस, पण सायकलच्या दुकानात बसून बसून त्याची पाठ सीटच्या आकाराची झाली होती.

"वहिनी, बऱ्या आहात ना," तो म्हणाला.

"मी बरी आहे, भाऊजी. यांना विचारा."

त्याने यांना विचारलं नाही. तो सायकलींच्या ओळीतून चालत गेला. प्रत्येकीपाशी थांबायचा, टायर अंगठ्याने दाबायचा, पेडल उलटं फिरवून कान द्यायचा. नऊ नंबरपाशी तो जेवढ्यास तेवढाच थांबला. टायर दाबला, पेडल फिरवलं, पुढे गेला. साहेबांच्या बायकोने मान वळवून बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

"तेलपाणी चांगलं ठेवलंय," धाकटा ओळीच्या टोकाला पोहोचून म्हणाला. "कुठल्या न्यायच्या?"

साहेबांनी आठ नंबरांची यादी दिली. बाकी कागदपत्रंही दिली, म्हणजे तक्ता. निर्णय पारदर्शक असावा. धाकट्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिथंच उभ्याने सगळं वाचलं, शेरे धरून. चेहरा हलला नाही. नऊ नंबरच्या ओळीवर त्याचं काळं बोट थांबलं.

"चौथी."

"अर्ध्या गुणाने," साहेब म्हणाले.

"तेव्हा तीन गुण कापले होतेस. आता अर्धाच." त्याने कागदाची घडी घातली. "सुधारणा आहे."

साहेबांचे कान लाल झाले. वास्तविक त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं, पण आयुष्यात एकदा तरी आपल्या बाजूचं कुणीतरी बोलावं असं माणसाला वाटतं, आणि प्रतिनिधीने राजीनामा दिलेला होता. ते म्हणाले की गुणांचं काहीही असो, या सायकली त्यांनी वीस वर्षं पोटच्या पोरांसारख्या सांभाळल्या. भंगारवाल्याच्या तोंडातून काढल्या. दर रविवारी तेल घातलं. का, तर त्या अकरा जणांनी जे केलं त्याचा त्यांना आदर होता. तसा शांत, सभ्य निषेध त्यांनी पुन्हा कुठं पाहिला नाही.

"कसला निषेध?" धाकट्याने विचारलं.

"सायकली ठेवून गेलात तो."

धाकट्याने चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ भावाकडे नुसतं बघितलं. दुकानात एखादं गिऱ्हाईक सायकल उलटी धरून हवा कुठून भरायची असं विचारतं, तेव्हा तो असं बघत असावा.

"दादा, आम्ही ठेवल्या नाहीत. राहिल्या."

"म्हणजे?"

"तू आम्हाला मागच्या गेटने बसमध्ये घातलंस. स्टँड पुढच्या गेटला. पुढं जाऊन सायकल घेतो म्हटलं तर म्हणाले, साहेबांचा हुकूम आहे, बसनेच जायचं. आम्ही म्हटलं, ठीक, सोमवारी येऊन घेऊन जाऊ. सोमवारी आलो. अकराच्या अकरा. चालत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"वॉचमनने कागद दाखवला." तो कागद धाकट्याला पाठ होता. "'यादीतील व्यक्तींस कोणत्याही कारणास्तव आवारात प्रवेश देऊ नये.' खाली तुझी सही. तुझी सही वाचता येते, दादा. बाकीच्या अधिकाऱ्यांच्या नुसत्या अळ्या असायच्या."

साहेबांना तो हुकूम आठवत होता. मसुदा त्यांचा होता. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द त्यांनी दुसऱ्या वाचनात घातले होते, पळवाट राहू नये म्हणून.

"सायकली बाहेर आणून द्यायच्या होत्या त्याने," ते म्हणाले.

"तेच म्हटलं. तो म्हणाला, सायकल स्टँडमधून मालकानेच काढायची असा नियम आहे. आणि मालक आत येऊ शकत नाही." धाकट्याने खांदे उडवले. "तो नियमही तुझाच. चोऱ्या होत होत्या तेव्हा केलेला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, दोन्ही कागद साहेबांचे आहेत, मी कुठला फाडू? तासभर उभे राहिलो. गेटमधून आमच्या सायकली दिसत होत्या. मग गेलो."

पंप सुरू झाला. मांजर उडी मारून खाली उतरलं आणि कुणाकडे न बघता निघून गेलं.

"मग घरी यायचं होतंस," साहेब पंपाच्या आवाजावर म्हणाले. "मी काय परका होतो?"

"आलो होतो. मंगळवारी. वहिनी माहेरी गेल्या होत्या. दार तू उघडलंस. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, कामाचं असेल तर इथं नको, ऑफिसात ये."

साहेबांनी हात लांब करून जवळचं हँडल धरलं. कुठल्या नंबरचं ते त्यांनी बघितलं नाही.

"ऑफिसात कसा येऊ?" धाकटा म्हणाला. आवाज चढवून नव्हे, अजूनही तो या कोड्याचं उत्तर शोधत असल्यासारखा. "म्हटलं बरं. आणि गेलो."

भिंतीकडे तोंड करून बसलेली बायको आता वळली होती. त्या मंगळवारी आपण कुठे होतो, कशासाठी होतो, हे ती आठवत असावी. तिने विचारलं की मग इतकी वर्षं कुणी एका शब्दाने बोललं का नाही, आणि हे दोघांपैकी कुणाला विचारलंय हे तिलाही ठरवता आलं नाही.

धाकट्याने सांगितलं. बोलायचं काय? सगळ्यांना वाटलं, साहेबांना माहीतच आहे. हुकूम त्यांचा, सही त्यांची, स्टँड त्यांच्या खिडकीखाली. मग पुढे पेपरात फोटो आला. लेथवाला, म्हणजे दोन नंबरचा मालक, तो पेपर घेऊन दुकानात आला होता. फोटोत आपली सायकल बघून तो खूप हसला होता. म्हणाला, आधी नोकरी घेतली, मग सायकल घेतली, आता सायकलीबरोबर फोटो काढून घेतलाय. मग म्हणाला, पण चेन बघ कशी चकचकीत ठेवलीय, माझ्याकडे असती तर गंजली असती.

"लोक हसायचे, दादा. दुसरं काय करणार? तुझ्या घरी अकरा सायकली आणि आम्ही अकरा जण चालत. रंगखात्यातल्या जाड्याची तब्येत त्यामुळे सुधारली, हे मात्र खरं."

"म्हणजे तुला वाटत होतं, मी या हडपल्या."

धाकट्याने खिशातून चिंधी काढली आणि हात पुसले. हात मघाच पुसलेले होते.

साहेबांनी हँडल सोडलं. त्यांनी तक्ता मागून घेतला, उलगडला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. यांतली एकही गोष्ट आता बेरजेत बसत नव्हती. निषेध नव्हता. आदर राखला तो कशाचा? वीस वर्षं दर रविवारी तेल घातलं ते कुणाला? ते काही तरी विचारणार होते, ओठ हललेही, पण शेवटी त्यांनी वेगळंच विचारलं.

"ते सगळे आहेत कुठे?"

धाकट्याने एकेका सायकलकडे हनुवटी करून सांगितलं. लेथवाला रोज दुकानात येऊन बसतो, त्याला डोळ्यांनी कमी दिसतं. जाड्या मुलीकडे असतो. तिघे गेले. त्यांतल्या एकाची बायको अजून त्याच गल्लीत राहते. सहा नंबरवाला कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. बाकीचे आहेत इकडे तिकडे. एक तर दर शनिवारी दुकानावरून जातो आणि दर वेळी विचारतो, सेकंडहँड एखादी स्वस्तातली आलीय का.

"सगळ्या ने," साहेब म्हणाले.

"आठ न्यायच्या ठरल्यात."

"सगळ्या. ज्याची त्याला दे. जो नाही त्याच्या घरी दे."

"आणि राखलेल्या तीन?"

"राखायला मी कोण?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला असावा, कारण त्यांनी उत्तराची वाट पाहिली.

धाकट्याने टेम्पोचं फळकूट खाली पाडलं आणि कामाला लागला. साहेबांची बायको उठली. प्रत्येक सायकलच्या हँडलला सुतळीने नंबराचं पुठ्ठ्याचं लेबल बांधलेलं होतं. ती एकेकीपाशी जाऊन सुतळी दातांनी तोडू लागली. लेबलं ती खाली टाकत नव्हती, मुठीत जमवत होती. साहेबांनी एक सायकल पुढून उचलली, ती वाकडी होऊन त्यांच्याच नडगीवर आपटली.

"मागून धर," धाकटा म्हणाला. "तुला सवय नाही."

नऊ नंबर शेवटी राहिली. दोघांनी मिळून ती वर चढवली, एक पुढून, एक मागून. साहेबांच्या बायकोने एवढंच दृश्य मागितलं होतं. आता ते समोर होतं आणि तिला ते बघवेना. ती लेबलं घेऊन वर निघून गेली.

"तुझी तरी तू ठेवशील ना?" साहेबांनी विचारलं.

धाकटा दोरी आवळत होता. त्याने गाठ पुरी केली, ओढून बघितली.

"मला ती कधी आवडली नाही, दादा. सीट टोचायची. नुसती माझी होती, एवढंच."

टेम्पो उतार चढून वर आला तो इमारतीच्या गेटवर अडला. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्रीज भरदिवसा चोरीला गेला होता. तो टेम्पोत चढवायला वॉचमननेच हातभार लावला होता, जड होता म्हणून. तेव्हापासून समितीने नियम केला होता की पिशवीपेक्षा मोठी वस्तू बाहेर न्यायची तर बिऱ्हाडकरूची लेखी चिठ्ठी हवी. वॉचमन आता कुणाचंही ऐकत नसे. धाकट्याने काचेतून डोकं बाहेर काढून सांगितलं की साहेबांच्याच सायकली आहेत. मग थांबून म्हणाला, साहेबांच्या नाहीत, पण साहेबांकडच्या आहेत. यामुळे वॉचमनचा संशय बळावला.

साहेब मागून धापा टाकत आले. वॉचमनने त्यांना आपल्या वहीतलं पान फाडून दिलं आणि बसायला खुर्ची दिली. साहेबांनी खिशातलं पेन काढलं. पान मांडीवर ठेवलं. मग लिहू लागले. आधी तारीख, मग विषय, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून'. एक शब्द खोडला. त्यावर पुन्हा तोच लिहिला. धाकट्याने इंजिन बंद केलं. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिने हॉर्न वाजवला, मग तिनेही इंजिन बंद केलं. साहेबांनी एका बाजूची जागा संपल्यावर पान उलटलं. अकरा माणसांची नावं त्यांना आडनावांसकट पाठ होती. ती त्यांनी एकाखाली एक लिहिली, धाकट्याचं नाव कुठंही पुढे-मागे न करता जिथं यायला हवं तिथं, आणि शेवटी लिहिलं की सदर सायकली या व्यक्तींच्या असून त्या नेण्यास कोणीही कोणत्याही कारणास्तव अडथळा करू नये. खाली सही केली. वाचता येईल अशी.

वॉचमनने कागद हातात घेतला. बोट ठेवून, ओठ हलवत त्याने दोन्ही बाजू वाचल्या. टेम्पोत धाकटा सरळ समोर बघत बसला होता.

"एवढं कशाला लिहीत बसलात, साहेब," वॉचमन आडवा बांबू वर करत म्हणाला. "नुसतं 'जाऊ द्या' लिहिलं असतंत तरी मी सोडलं असतं."